परदेशात भाड्याने गाडी घेताना: काउंटरवरचा अर्धा तास

परदेशात स्वतः गाडी चालवणार म्हटलं की लोक एकच विचारतात, "उलट्या बाजूनं चालवायला जमतं का?" जमतं. पहिला तासभर धडधडतं, मग हात बसतो. मला आजवर जो भुर्दंड पडला तो रस्त्यावर नाही, गाडी ताब्यात घेण्याच्या काउंटरवर पडला.

पहिल्या ट्रिपला बुकिंग माझ्या नावानं आणि क्रेडिट कार्ड बायकोचं होतं. रात्रभराचा विमानप्रवास, पेंगुळलेली मुलं, तासभराची रांग. नंबर आल्यावर काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं. माझ्या डेबिट कार्डावर गाडी द्यायला ती तयार होती, पण मग त्यांचा सगळ्यात महागडा विमा घेणं सक्तीचं होतं. घेतला. दुसरं काय करणार? विम्याचा आकडा गाडीच्या भाड्याहून मोठा निघाला. ही अट बुकिंगच्या कागदात स्पष्ट छापलेली होती, मीच ती वाचली नव्हती. त्यानंतर बऱ्याच वेळा गाड्या घेतल्या, आणखी काही चुका केल्या. त्या तुम्ही करू नयेत म्हणून सगळं क्रमानं लिहितोय.

## १. गाडी नेमकी कोणत्या दिवसांसाठी हवी ते ठरवा

विमानातून उतरल्या उतरल्या गाडी घ्यायची आणि परतताना विमानतळावरच सोडायची, असं बहुतेक जण करतात. पण लंडन, रोम, टोकियोसारख्या शहरात गाडी म्हणजे गळ्यातलं लोढणं. शहराचे दिवस आधी मेट्रोनं उरका आणि बाहेर पडायच्या सकाळी गाडी घ्या. पार्किंगचे पैसे वाचतात, शिवाय झोप झालेली असते. रात्रभर विमानात जागून अनोळखी रस्त्यावर गाडी चालवणं मी एकदाच केलं, पुन्हा करणार नाही.

भाडं सहसा २४ तासांच्या हिशोबानं लागतं. सकाळी १० वाजता घेतलेली गाडी शेवटच्या दिवशी दुपारी १ वाजता परत केली तर अख्खा जादा दिवस लागू शकतो. शहरातल्या शाखा विमानतळापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतात, पण युरोपात त्यातल्या कित्येक रविवारी बंद असतात आणि शनिवारी दुपारीच आवरतात. वेळ बघून मगच बुकिंग करा.

## २. कागदपत्रं

सोबत एवढं हवंच:

- मूळ ड्रायव्हिंग लायसन्स. फोनमधली प्रत चालेल असं गृहीत धरू नका. बऱ्याच कंपन्या ते किमान वर्षभर जुनं असावं असं म्हणतात.
- इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट
- पासपोर्ट
- मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड. त्याचा पिन पाठ हवा.
- बुकिंगचं व्हाउचर, छापील
- वेगळा विमा काढला असेल तर त्याची पॉलिसी
- दुसरा ड्रायव्हर असेल तर त्याचंही लायसन्स, परमिट आणि पासपोर्ट

परमिटबद्दल थोडं सविस्तर, कारण गोंधळ इथेच होतो. हे परमिट म्हणजे वेगळं लायसन्स नाही, तुमच्या लायसन्सचं अधिकृत भाषांतर आहे. त्यामुळे नुसतं परमिट दाखवून उपयोग नाही, मूळ लायसन्स जोडीला लागतं. ते तुमचं लायसन्स ज्या देशाचं आहे तिथेच मिळतं, त्यामुळे निघण्यापूर्वी काढा. आजच्या परमिटांमागे मुख्यतः दोन करार आहेत: १९४९ चा जिनिव्हाचा आणि १९६८ चा व्हिएन्नाचा. पहिल्याखालचं परमिट वर्षभर चालतं, दुसऱ्याखालचं जास्तीत जास्त तीन वर्षं. जपान फक्त १९४९ च्या नमुन्यातलं परमिट मानतो, १९६८ चं हातात असेल तर गाडी मिळत नाही. चीनच्या मुख्य भूमीवर दोन्ही चालत नाहीत. ऑनलाइन "दहा वर्षांचं आंतरराष्ट्रीय लायसन्स" विकणाऱ्या साइट्स दिसतील. त्या चकचकीत कार्डाला कायद्यात काडीची किंमत नाही.

वयाचीही अट असते. किमान वय बहुतेक ठिकाणी २१ च्या आसपास, आणि २५ च्या आतल्यांना रोजचा जादा आकार. तो बुकिंगच्या रकमेत बऱ्याचदा दिसतच नाही, काउंटरवर लागतो.

## ३. बुकिंग करताना

फोटोतलीच गाडी मिळेल असं समजू नका. फोटोखाली "किंवा तत्सम" असं बारीक लिहिलेलं असतं. तुम्ही वर्ग बुक करता, मॉडेल नाही. वर्ग ओळखायला चार अक्षरांचा एक कोड असतो, बऱ्याच कंपन्या तोच वापरतात. पहिलं अक्षर आकाराचं, दुसरं बॉडीचं, तिसरं गिअरचं, चौथं इंधन आणि एसीचं. उदाहरणार्थ 'सीडीएआर' म्हणजे कॉम्पॅक्ट, चार-पाच दारांची, ऑटोमॅटिक, एसी असलेली. तिसऱ्या जागी 'एम' असेल तर मॅन्युअल. हे तिसरं अक्षर नीट बघा, कारण युरोपात सर्वसाधारणपणे मॅन्युअलच मिळते. ऑटोमॅटिक महाग असते आणि लवकर संपते. रस्त्याची बाजू बदलणार असेल तर माझं स्पष्ट मत: पैसे द्या आणि ऑटोमॅटिक घ्या. सवयीनं गिअर शोधायला गेलेला हात दारावर आपटतो, आणि नेमका तेव्हाच समोर चौक येतो.

बुक करण्याआधी चार गोष्टी वाचा. किलोमीटरची मर्यादा आहे का? गाडी दुसऱ्या शहरात सोडायची असेल तर 'वन-वे'चा आकार किती? सीमा ओलांडायची परवानगी आहे का, आणि ती लेखी मिळेल का? आणि दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे? तुलना करून देणाऱ्या साइटवरून बुकिंग केलं असेल तर अटी दोन असतात, साइटच्या वेगळ्या आणि गाडीच्या कंपनीच्या वेगळ्या. काउंटरवर कंपनीच्याच चालतात.

मुलांची सीट आधीच मागून ठेवा. ज्या विमानानं उतरणार त्याचा नंबरही द्या. विमानाला उशीर झाला आणि कंपनीला कळलंच नाही, तर बुकिंग रद्द होऊन गाडी दुसऱ्याला जाऊ शकते.

## ४. विमा: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, आणि कमी वाचलं जातं तेही हेच.

'कोलिजन डॅमेज वेव्हर' असा शब्द दिसेल, थोडक्यात सीडीडब्ल्यू. गाडीचं नुकसान झालं तर ठरावीक रकमेच्या वरचं आम्ही तुमच्याकडून मागणार नाही, एवढंच त्यात कंपनी सांगते. ती ठरावीक रक्कम म्हणजे 'एक्सेस', अमेरिकेत 'डिडक्टिबल' म्हणतात. समजा एक्सेस १,२०० युरो आहे. पाच हजारांचं नुकसान झालं तर तुमच्या खिशातून १,२०० जातील. चारशेचा ओरखडा पडला तर चारशेच्या चारशे तुमचे. म्हणजे पार्किंगमध्ये होणाऱ्या बारीकसारीक नुकसानीला, जे सगळ्यात जास्त वेळा होतं, हा वेव्हर कामाचाच नाही.

हा एक्सेस भरून काढायचे तीन मार्ग आहेत.

काउंटरवरचं पूर्ण संरक्षण: सगळ्यात महाग आणि सगळ्यात निवांत. काही झालं तरी किल्ली द्यायची आणि निघायचं.

बाहेरून काढलेला एक्सेसचा विमा: बराच स्वस्त. पण कंपनी आधी तुमच्या कार्डावरून पैसे कापते, मग तुम्ही कागद जोडून विमावाल्याकडून ते परत मागायचे. काउंटरवाले या पॉलिसीकडे बघून "हे आमच्याकडे चालत नाही" म्हणतात. खरं आहे, त्यांच्याकडे चालवायचीच नसते. दावा तुम्ही नंतर करणार असता. हे वाक्य ऐकून बिचकू नका.

क्रेडिट कार्डासोबत येणारं संरक्षण: काही कार्डांत असतं. सहसा पूर्ण भाडं त्याच कार्डानं भरायची आणि कंपनीचं सीडीडब्ल्यू नाकारायची अट असते. काही देश आणि काही प्रकारच्या गाड्या वगळलेल्या असतात. बँकेकडून लेखी घ्या, फोनवरच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

मी दुसरा मार्ग घेतो, कारण पावत्या जपून ठेवायची मला खोड आहे. तुम्हाला कागदांचा कंटाळा असेल तर पहिला घ्या आणि ते पैसे प्रवासखर्चातच धरा.

आता वगळलेल्या गोष्टी. साध्या वेव्हरमध्ये टायर, काच, छप्पर आणि गाडीची खालची बाजू बऱ्याचदा नसते. हरवलेली किल्ली आणि चुकीचं इंधन यांचाही भार तुमच्यावरच. करारात नाव नसलेल्या माणसानं गाडी चालवली, चालवणारा प्यायलेला असला किंवा मनाई असलेल्या रस्त्यावर गाडी नेली, तर अख्खा वेव्हर गळून पडतो. हे मनाईचे रस्ते देशागणिक बदलतात. आइसलँडमध्ये नंबरापुढे 'एफ' असलेल्या डोंगरी रस्त्यांवर फोर-व्हील ड्राइव्ह नसलेली गाडी नेताच येत नाही. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि उत्तरेचा नाइन्टी माइल बीच बहुतेक करारांत वर्ज्य आहेत. ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागात काही कंपन्या गावाबाहेर अंधार पडल्यावर गाडी चालवायला बंदी घालतात, कारण कांगारू संध्याकाळनंतर रस्त्यावर येतात. आइसलँडची आणखी एक गंमत, पैसे दुसऱ्याचे असतील तर: वाऱ्यानं दार हातातून सुटून उलटं वाकतं, आणि ते नुकसान सहसा कुठल्याच संरक्षणात बसत नाही. तिथे वारा समोरून येईल अशी गाडी उभी करतात आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडतात.

अमेरिकेसाठी वेगळी सूचना. युरोपात समोरच्याच्या नुकसानीचा विमा भाड्यातच असतो. अमेरिकेत मूळ भाड्यात तो नसू शकतो किंवा अगदीच तुटपुंजा असतो. तिथे हे कव्हर स्वतंत्रपणे बघाच.

## ५. काउंटरवर

समोरचा माणूस गोड बोलतो, आणि जादा गोष्टी विकणं हेही त्याचं काम असतं. "इतक्या बॅगा त्या गाडीत मावायच्या नाहीत" हे हमखास ऐकू येतं. आधी गाडी बघतो म्हणा. आगाऊ पैसे भरून घ्यायची पेट्रोलची टाकी नको. उरलेल्या पेट्रोलचे पैसे परत मिळत नाहीत, आणि टाकी अगदी कोरडी करून कोणी परत करत नाही. 'फुल टू फुल', म्हणजे भरलेली टाकी घ्यायची आणि भरूनच परत करायची, हे सगळ्यात सरळ. नेव्हिगेशनचं यंत्रही नको. फोनमध्ये नकाशे उतरवून ठेवा, होल्डर आणि वायर घरून न्या.

कार्ड मशीनवर "तुमच्या देशाच्या चलनात पैसे भरायचे का?" असा प्रश्न येतो. सोयीचा वाटतो, पण त्यात दर वाईट मिळतो. स्थानिक चलन निवडा.

डिपॉझिट म्हणून कार्डावर एक मोठी रक्कम अडकवून ठेवतात. पैसे कापले जात नाहीत, पण तेवढी मर्यादा वापरता येत नाही आणि गाडी परत केल्यावर सुटायला काही दिवस लागतात. हॉटेलसाठी दुसरं कार्ड ठेवा.

हल्ली सही टॅबलेटवर घेतात. बोट फिरवण्याआधी एकूण रक्कम आणि त्यात काय काय धरलंय ते दाखवायला सांगा. नको असलेला विमा तिथे गुपचूप जोडलेला मी स्वतः पाहिलाय. मागे रांग असली तरी असू दे.

## ६. गाडी हलवण्याआधी

किल्ली हातात आली की निघायची घाई होते. दहा मिनिटं थांबा. गाडीभोवती एक सलग व्हिडिओ काढा: चारही बाजू, चारही चाकांच्या रिम, पुढची काच, छप्पर, बंपरची खालची कड. मग आत इंधनाचा काटा आणि किलोमीटर. जागा अंधारी असेल तर गाडी उजेडात आणा. ओरखडा किंवा पोचा दिसला आणि त्यांच्या जुन्या नुकसानीच्या तक्त्यावर नसला, तर परत जाऊन लिहून घ्या. "एवढ्याचं काही नसतं" म्हणाले तरी लिहून घ्या. गाडी परत घेणारा माणूस वेगळा असतो.

मग या गोष्टी बघा: इंधन कोणतं (टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं), झाकण उघडतं कसं, रिव्हर्स पडतो कसा, दिवे, वायपर, हँडब्रेकचं बटण. डिकीत स्टेपनी आहे की नुसती पंक्चर भरायची बाटली? युरोपात बऱ्याच देशांत धोक्याचा त्रिकोण आणि चमकणारं जाकीट लागतं, ते कुठे ठेवलंय तेही पाहून घ्या. मदतीचा नंबर फोनमध्ये घाला.

## ७. पहिला तास

पार्किंगमध्येच दोन फेऱ्या मारा. रस्त्याची बाजू लक्षात ठेवायला एक सोपी खूण: चालवणारा नेहमी रस्त्याच्या मध्याकडे बसतो. तुमचा खांदा रस्त्याच्या कडेला आला की काहीतरी चुकलंय. घोटाळा वाहत्या रस्त्यावर होत नाही, कारण पुढच्या गाडीमागे जायचं असतं. तो होतो पेट्रोल पंपावरून किंवा हॉटेलातून सकाळी रिकाम्या रस्त्यावर येताना. त्या क्षणी शेजारच्यानं मोठ्यानं "उजवीकडे" किंवा "डावीकडे" म्हणायचं, असा आमचा नियम आहे. आणि हो, इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर चालू होईल. सगळ्यांचं होतं.

काही नियम आधीच वाचून जा. राउंडअबाउटमध्ये सहसा आतल्या गाडीचा हक्क पहिला. फ्रान्स-जर्मनीत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. अमेरिकेत लाल दिव्याला पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, मात्र न्यूयॉर्क शहरात पाटी असेल तरच. अमेरिकेतच शाळेची बस लाल दिवे लुकलुकवत थांबली की मागच्यांनी थांबायचंच, दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये वेगाच्या पाट्या मैलांत असतात. आइसलँड आणि न्यूझीलंडमध्ये एकपदरी पूल भेटतात, तिथे वेग कमी करून समोरचं बघा.

## ८. इंधन

चुकीचं इंधन भरणं ही सगळ्यात महाग आणि सगळ्यात साधी चूक. नळीच्या रंगावर जाऊ नका. युरोपात हिरवी नळी सहसा पेट्रोलची, अमेरिकेत बऱ्याचदा डिझेलची. जपानमध्ये लाल साधं पेट्रोल, पिवळं हाय-ऑक्टेन आणि हिरवं डिझेल. जपानी भाषेत डिझेलला 'केइयु' म्हणतात. छोट्या 'केइ' गाडीत लोक नावावरून तेच भरून बसतात आणि फसतात. फ्रान्समध्ये 'गाझोल' आणि स्पेनमध्ये 'गासोलेओ' म्हणजे डिझेल. स्पेनमध्येच 'गासोलीना' म्हणजे मात्र पेट्रोल. युरोपात २०१८ पासून एक बरं झालंय: पेट्रोलवर गोल खूण आणि 'ई-५', 'ई-१०', डिझेलवर चौकोनी खूण आणि 'बी-७'. तीच खूण टाकीच्या झाकणात शोधा. निळं झाकण दिसलं तर ते अॅडब्लूचं, म्हणजे डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाचं. ते डिझेलच्या टाकीत चुकूनही नको.

माणूस नसलेल्या पंपावर कार्डाचा पिन लागतो, म्हणून वर पाठ करायला सांगितलं. अमेरिकेत मशीन पोस्टाचा पिनकोड विचारतं आणि परदेशी कार्ड अडतं. आत दुकानात जाऊन आधी पैसे भरले की काम होतं.

## ९. टोल आणि कॅमेरे

टोलनाका दिसला नाही म्हणजे टोल नाही, असं नव्हे. डब्लिनभोवतीच्या एम-५० महामार्गावर नाकाच नाही. नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री ८ च्या आत पैसे भरावे लागतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून रोख पैसे घेत नाहीत. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांना 'विन्येत' लागतं, म्हणजे ठरावीक मुदतीचा आगाऊ भरलेला टोल. गाडी तिथलीच असेल तर ते सहसा असतं, पण बाहेरच्या देशातून घेऊन गेलात तर तुम्हीच विकत घ्यायचं. म्हणून काउंटरवर सरळ विचारा: या गाडीचा टोल कसा भरला जातो, आणि त्यासाठी तुम्ही रोजचा आकार लावता का?

इटलीसाठी एकच शब्द लक्षात ठेवा: झेड-टी-एल. फ्लॉरेन्स, रोम, बोलोन्यासारख्या शहरांच्या जुन्या भागात ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि तोंडाशी कॅमेरे असतात. नकाशा खुशाल आत नेतो. एका संध्याकाळी वाट चुकून तीनदा आत-बाहेर केलं तर दंडही तीन होऊ शकतात. हॉटेल त्या भागात असेल तर त्यांना आधी गाडीचा नंबर कळवा.

## १०. अपघात झाला तर

माणसं ठीक आहेत का ते आधी. मग त्रिकोण लावा. तातडीचा नंबर युरोपात ११२, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. किरकोळ असलं तरी कंपनीला कळवा आणि शक्य तिथे पोलिसांचा अहवाल घ्या. त्याशिवाय विमा अडतो. युरोपात अपघाताचा एक ठरावीक फॉर्म असतो. सगळ्या भाषांत त्याचा आराखडा सारखाच, त्यामुळे इंग्रजी प्रत समोर ठेवून दुसऱ्या भाषेतली भरता येते. न समजलेल्या ओळीखाली सही करू नका.

## ११. परत करताना आणि त्यानंतर

शेवटच्या पंपावर टाकी भरा, पावती ठेवा. गाडी परत घेणारा माणूस हजर असताना द्या आणि "नवीन नुकसान नाही" असा कागद मागा. पहाटेचं विमान असेल आणि किल्ली पेटीत टाकायची असेल, तर ऑफिस उघडेपर्यंत गाडीची जबाबदारी तुमचीच असते. तेव्हा पुन्हा पूर्ण व्हिडिओ, काटा आणि किलोमीटरसकट, आणि मागे जागेचा नंबर दिसेल असा. एकदा मला घरी आल्यावर मागच्या बंपरच्या ओरखड्याचं बिल आलं होतं. मी पहिल्या दिवशीचा व्हिडिओ पाठवला, त्यात तो ओरखडा होता. पुन्हा त्यांचं पत्र आलं नाही.

व्हिडिओ, करार आणि पावत्या वर्षभर पुसू नका. इटलीत परदेशात राहणाऱ्यांना दंडाची नोटीस ३६० दिवसांपर्यंत पाठवता येते. त्याआधी कार्डावर एक छोटी रक्कम कापलेली दिसेल. पोलिसांना तुमचं नाव-पत्ता कळवल्याबद्दल कंपनीनं घेतलेला तो आकार असतो. दंड वेगळा, तो मागून येतो. रक्कम कुठली ते कळलं नाही तर कंपनीला ईमेल करून तारीख, वेळ आणि ठिकाण मागा, आणि तुमच्या फोनमधल्या फोटोंच्या वेळेशी ताडून बघा.